आवड धंद्यात नाही, रोजच्या कामात शोधा

नवीन बॅचला पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारतो, "तुम्हाला मनापासून काय करायला आवडतं?" उत्तरं ठरलेली. कॅफे, कपड्यांचं दुकान, स्वतःचा मसाल्याचा ब्रँड. मी म्हणतो, "ही धंद्याची नावं झाली. त्यातलं काम कोणतं आवडतं?" मग सगळे गप्प.

आपल्या केमचंच बघा. कुंकू म्हटलं की केमचं नाव निघतं. बाहेरच्या माणसाला त्यात फक्त लाल रंग आणि देवळापुढची दुकानं दिसतात. पण हा धंदा करणाऱ्याचा दिवस कसा जातो? दळण, रंग कालवणं, वाळवणं, चाळणं, पुड्या भरणं, ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर फोन, आणि वर उधारी मागत फिरणं. "मला कुंकवाचा धंदा आवडतो" असं कुणी म्हटलं तर मी विचारतो, यातलं कुठलं? माल बनवायला आवडणारा माणूस वेगळा आणि गावोगाव ऑर्डरी आणणारा वेगळा. दोघंही कुंकवातच कमावतील, पण जागा बदलल्या की दोघंही वैतागतील.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मला यासाठीच फार आवडते. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथं कळलं की काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत. संपलं की स्वप्न! पण हात चित्र काढायचा थांबला नाही. रंग गेले, रेघ राहिली. ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. तिथं बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगावात भावासोबत सायकलीच्या धंद्यात उतरले. पुढं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी.

म्हणजे त्यांची आवड "चित्रकला" नव्हतीच, असं मला वाटतं. कागदावर आखून एखादी वस्तू उभी करणं, ही ती आवड. म्हणून धंदा बदलत गेला तरी माणूस कंटाळला नाही.

आता मोटिव्हेशनचं. लोखंडानं जमीन बिघडते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळं पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं, राव! आपल्याकडं दोन आठवडे गिऱ्हाईक फिरकलं नाही की पोरं शटर ओढतात. सकाळी उठून जोशपूर्ण व्हिडिओ बघितल्यानं (माझे धरून) फार तर दुपारपर्यंत चालतं. त्यानंतर समोरचं काम आवडत असेल तरच माणूस दुकानात टिकतो. अर्थात घरखर्चाची सोयही लागते. खिसा रिकामा असला की आवडीचं कामसुद्धा डोक्यात जातं, त्यामुळं चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडा, असं मी कुणालाच सांगत नाही.

आणि कर्ज? मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. म्हणून बरेच जण आधी बँकेत जातात, आवड नंतर शोधतात. हप्ता मात्र थांबत नाही.

त्याऐवजी पंधरा दिवस दुसऱ्याच्या दुकानात राबा. पगार मागू नका. रोज रात्री वहीत दोनच गोष्टी लिहा: आज कुठल्या कामात वेळ कळला नाही, आणि कुठलं काम टाळत बसलो. टाळलेलं काम जर विक्रीचं किंवा वसुलीचं निघालं, तर ते करणारा भागीदार आधी शोधा, गाळा नंतर. केममधल्यांना तर लांब जायची गरज नाही. नवरात्राआधी कुंकवाची मागणी वाढते, तेव्हा ओळखीच्या कारखान्यात पॅकिंगला येतो म्हणून सांगा. कुणी नाही म्हणणार नाही.