मेडिकल ट्रान्सक्रिप्शन: क्लासची फी भरण्याआधी

नंदुरबार जिल्ह्यातल्या ब्राह्मणपुरीच्या शिवारात ऊस, केळी, पपई, कापूस आहे. घरातली मुलगी बी.एस्सी. झाली, एमएस-सीआयटी झाली, इंग्रजी टायपिंगची परीक्षाही पास झाली, पण पगाराची नोकरी मात्र शहाद्यातही मिळत नाही. अशा वेळी कुणीतरी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं नाव काढतं. अमेरिकेतले डॉक्टर बोलणार, आपण घरी बसून टाईप करणार आणि पैसे डॉलरमधून येणार, असं चित्र उभं राहतं. मग पिकाच्या पैशातून क्लासची फी निघते. या चित्रात थोडं खरं आहे आणि बरंच जुनं झालेलं आहे.

गैरसमज: हे टायपिंगचं काम आहे, वेग असला की झालं

काम असं चालायचं. डॉक्टर रुग्णाला तपासून झाल्यावर तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद किंवा डिस्चार्ज कार्डाचा मजकूर तोंडी सांगायचा. त्याची ऑडिओ फाईल भारतात यायची. पायाने पेडल दाबून ती थांबवत, मागे नेत ऐकायची आणि लिहून काढायची. मोबदला ओळीवर. ओळ म्हणजे रिकाम्या जागा धरून ६५ अक्षरं.

यात बोटांपेक्षा कानाचं आणि डोक्याचं काम जास्त. ‘इलियम’ हा एकच उच्चार लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचाही आहे आणि कमरेच्या हाडाचाही. सेलेब्रेक्स हे सांधेदुखीचं औषध, सेलेक्सा हे नैराश्याचं. डॉक्टर घाईत, तोंडावर मास्क, मागे यंत्रांचा आवाज. अशा वेळी रुग्णाला काय झालंय हे ज्याला कळतं, त्यालाच बरोबर शब्द ऐकू येतो. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’, हे ठरवायला त्या औषधाचा नेहमीचा डोस माहीत असावा लागतो. नसेल, तर अंदाजाने काही न भरता जागा रिकामी सोडून खूण करायची, हा या धंद्यातला पहिला नियम.

आकडा चुकला की काय होतं, याचं एक भीषण उदाहरण आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका मधुमेही स्त्रीच्या डिस्चार्जच्या कागदात इन्सुलिनचं प्रमाण ८ युनिटऐवजी ८० युनिट पडलं. २००८ मध्ये तिचा मृत्यू झाला. ते डिक्टेशन भारतात टाईप झालं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने कुटुंबाला १४ कोटी डॉलर भरपाई देण्याचा निकाल दिला. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आपण टाईप करतो त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस पलंगावर पडलेला असतो.

गैरसमज: आउटसोर्सिंग थांबलं, म्हणून नोकऱ्या गेल्या

काम परदेशात परत गेलं, म्हणून इथली मुलं बेकार झाली, असं अनेक जण समजतात. खरं कारण वेगळं आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून हे काम भारतात येऊ लागलं. बंगळुरू, चेन्नई, मुंबई ही मोठी केंद्रं झाली. डॉक्टर दिवसभर बोलायचे तेव्हा आपल्याकडे रात्र, आणि ते झोपून उठेपर्यंत कागद तयार, ही वेळेची सोय होतीच. मजुरीही स्वस्त होती. भारतातल्या कामाच्या जोरावर वाढलेल्या सीबे या कंपनीने २००८ मध्ये अमेरिकेतल्या मेडक्विस्ट या मोठ्या कंपनीचा ताबा मिळवला. पुढे तिचं नाव एम-मोडल झालं. २०१९ मध्ये एम-मोडलचं तंत्रज्ञान थ्री-एमने घेतलं आणि माणसांनी करायचा ट्रान्सक्रिप्शनचा भाग वेगळा होऊन अ‍ॅक्विटी नावाने उरला. २०२३ मध्ये नवी मुंबईच्या आयकेएस हेल्थने अ‍ॅक्विटी विकत घेतली.

या व्यवहारांकडे नीट पाहा. काम भारताबाहेर गेलं नाही; उलट त्याची मालकी महाराष्ट्रात आली. पण वाटणीत मोल मिळालं ते आवाज ओळखणाऱ्या यंत्राला. पहिला मसुदा संगणक काढू लागला आणि माणसाकडे तो दुरुस्त करणं राहिलं. दुरुस्तीच्या ओळीचा दर टाईप केलेल्या ओळीपेक्षा बराच कमी, आणि तेवढ्याच मजकुराला माणसंही कमी लागतात. त्यातच २००९ च्या कायद्यानंतर अमेरिकी सरकारने रुग्णालयांना संगणकीय नोंदींसाठी पैसा दिला, तेव्हा बरेच डॉक्टर स्वतःच पडद्यावरचे रकाने भरू लागले. अमेरिकेच्या कामगार खात्याचाही अंदाज हाच आहे की ट्रान्सक्रिप्शनच्या नोकऱ्या पुढे घटत जातील. त्यामुळे केवळ टाईप करणारा म्हणून आज या क्षेत्रात नव्याने शिरणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

गैरसमज: एआय आलं, आता माणसाला जागाच नाही

हेही टोकाचं आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये न्यूआन्स ही कंपनी सुमारे २,००० कोटी डॉलरला घेतली, ती मुख्यतः याच आरोग्यक्षेत्रातल्या आवाज-तंत्रासाठी. आता डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणं ऐकून यंत्र थेट नोंद लिहितं. पण ते न बोललेलं वाक्यही लिहून टाकतं. व्हिस्पर या प्रसिद्ध आवाज-प्रणालीवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक टक्का तुकड्यांत असा बनावट मजकूर आढळला. रुग्णाच्या कागदावर एक टक्का म्हणजे फार झालं. आणि अशी वाक्यं व्याकरणाने निर्दोष असतात, म्हणूनच ती पकडायला शरीरशास्त्र आणि औषधं जाणणारा माणूस हवा. गुणवत्ता तपासनीस, म्हणजे क्यूए, या कामाला म्हणून अर्थ आहे. जागा थोड्या आहेत आणि त्या अनुभवी माणसांकडे जातात.

गैरसमज: गावात घरी बसून करता येतं

२००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठ रुग्णालयाचं काम एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं पोटठेक्याने कराचीतल्या एका स्त्रीपर्यंत पोचलं. तिचे पैसे थकले, तेव्हा तिने रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकण्याची धमकी दिली. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने बांधलेली आहे, म्हणून जबाबदार कंपन्या अनोळखी नवख्याच्या घरी फाईल पाठवत नाहीत. आधी कार्यालयात प्रशिक्षण, मग हात बसल्यावर घरून काम, असा क्रम असतो. म्हणजे सुरुवातीला नवी मुंबई, पुणे किंवा आणखी दूर राहण्याचा खर्च हिशेबात धरायलाच हवा. शिवाय डॉक्टरचं बोलणं थेट ऐकत नोंद करणाऱ्या ‘स्क्राइब’च्या नव्या कामाला रात्रपाळी चुकत नाही.

‘आधी नोंदणी फी भरा, घरी फाईल पाठवतो’ असं कुणी म्हणालं, तर ती जवळपास नक्की फसवणूक समजा. काम दिल्यावर चुका दाखवायच्या, करार मोडल्याची खोटी नोटीस पाठवायची आणि दंड मागायचा, ही पद्धत डेटा एंट्रीच्या नावाखाली देशभर चालते. घाबरून पैसे भरू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मग शिकायचं काय?

ज्या मुलीला जीवशास्त्राची गोडी आहे आणि इंग्रजी ऐकून कळतं, तिने ट्रान्सक्रिप्शनच्या शेजारची दारं पाहावीत. मेडिकल कोडिंगमध्ये रोग आणि उपचार यांना सांकेतिक क्रमांक द्यायचे असतात. अमेरिकेत २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१० मध्ये रोगनिदानाचेच जवळपास ७० हजार संकेत आहेत. तिथेही यंत्र शिरलं आहे, पण परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या कोडरला भारतात आजही मागणी आहे. विमा दाव्यांचं कामही याच जातीचं.

आणि सगळं अमेरिकेचंच कशाला? नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयाला रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र आणि दाव्याचे कागद बिनचूक भरणारा माणूस लागतो. कागद चुकला की दावा अडकतो. अहिराणी, गुजरी किंवा भिली बोलणाऱ्या रुग्णाचं म्हणणं समजून ते नेमक्या वैद्यकीय शब्दांत मांडणारी मुलगी तिथे फार उपयोगी पडेल. पगार डॉलरच्या गप्पांएवढा नसेल, पण काम खरं आहे.

तरीही क्लास लावायचाच असेल, तर संचालकाला तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षीच्या बॅचमधले किती जण आज याच कामात आहेत? त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? शिकवताना खऱ्या डॉक्टरांचा आवाज ऐकवता की पुस्तकातलं वाचून दाखवता? उत्तरं मिळेपर्यंत फी देऊ नका.