टीव्हीला पोर्ट दोन आणि जोडायच्या वस्तू चार? एचडीएमआय स्विच म्हणजे काय, तो कसा निवडायचा आणि कसा जोडायचा



आजचा विषय आहे एचडीएमआय स्विच. पण आधी गेल्या गणपतीत आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण हा लेख त्यामुळेच लिहितोय.

आम्ही रत्नागिरीत मांडवीला राहतो, समुद्र हाकेच्या अंतरावर. ताई लग्नानंतर मस्कतला असते. चतुर्थीला तिला येणं जमत नाही, म्हणून दरवर्षी मी लॅपटॉप टीव्हीला जोडून व्हिडिओ कॉल लावतो. आरतीला ताई टीव्हीच्या ४३ इंची पडद्यावर दिसते आणि आईला पोरगी घरी आल्यासारखं वाटतं.

आमच्या टीव्हीला एचडीएमआय पोर्ट दोनच. एकात डीटीएचचा सेट टॉप बॉक्स, दुसऱ्यात ओटीटीची स्टिक. त्यात मुंबईहून दादा-वहिनी आले आणि पुतण्याने येताना गेम कन्सोल आणला. दोन दिवस नुसती काढ-घाल चालू होती. टीव्ही भिंतीला लावलेला, त्यामुळे मागे हात घालून अंदाजानेच केबल खुपसायची. आरतीच्या वेळी मी कन्सोलची केबल ओढून काढली, लॅपटॉपची घातली, तर पडदा एकदा लुकलुकला आणि ‘नो सिग्नल’. आई निरांजन हातात घेऊन थांबलेली. "ती दिसत का नाही रे?" शेवटी मोबाईल पाटाला टेकवून आरती उरकली. त्या एवढ्याशा पडद्यावर आईला काही नीट दिसलं नाही.

नंतर टीव्ही दुरुस्त करणारे काका आले. पोर्ट हलत होता, आतलं सोल्डरिंग सुटलं होतं आणि पिनांवर हिरवट थर चढलेला. त्यांनी या वेळी जोडून दिलं, पण पुन्हा तुटलं तर अख्खा मेन बोर्ड बदलावा लागेल असं बजावून गेले. कारण हा पोर्ट त्या बोर्डावरच बसवलेला असतो.

गंमत म्हणजे मानकानुसार नेहमीच्या आकाराचा एचडीएमआय पोर्ट १०,००० वेळा काढ-घाल सहन करेल असा बनवलेला असतो. म्हणजे नुसत्या काढ-घालीने तो इतक्या लवकर जायला नको. पण ती सगळी काढ-घाल सरळ रेषेत होईल असं धरलेलं असतं. आपण केबल तिरकी ओढतो, जाड केबलचं वजन पोर्टावर लोंबत ठेवतो, आणि आपल्याकडे वर खारी हवा. हा मार टीव्हीच्या पोर्टाला बसण्याऐवजी काहीशे रुपयांच्या डबीला बसला तर बरं, नाही का? माझ्या मते स्विच घ्यायचं मुख्य कारण हेच. जास्त पोर्ट मिळतात हा वरचा फायदा.

हा स्विच नक्की करतो काय?

कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. स्टेशनात तीन-चार रूळ असतात, पण पुढे जायला एकच. सांधा ज्या रुळाला जोडला, ती गाडी सुटते, बाकीच्या थांबतात. एचडीएमआय स्विच म्हणजे असाच सांधा. तीन किंवा पाच इनपुट, एक आउटपुट. बटण दाबलं की त्यातलं एकच उपकरण टीव्हीला जोडलं जातं.

इथे एक सावधगिरी. मी पहिल्यांदा दुकानात "एकाला अनेक जोडायचं यंत्र द्या" म्हणालो आणि मला मिळाला स्प्लिटर. दिसायला सेम डबी! पण त्याचं काम बरोबर उलटं: एका उपकरणाचं चित्र एकाच वेळी दोन-चार टीव्हींवर दाखवणं. हॉटेलात, मंडपात तो लागतो. स्प्लिटर उलटा जोडून स्विच होत नाही, कारण आतली चिप एकाच दिशेने काम करते. डबीवर नीट वाचा: ‘३ इन १ आउट’ म्हणजे स्विच, ‘१ इन २ आउट’ म्हणजे स्प्लिटर. ‘बाय-डायरेक्शनल’ नावाचा प्रकार दोन्हीकडून चालतो, पण त्यात दोनच उपकरणं मावतात आणि बटण हातानेच दाबावं लागतं.

बटण दाबल्यावर पडदा काळा का होतो?

स्विच लावल्यावर पहिल्याच दिवशी बाबांनी तक्रार केली, "हे बिघडलेलं दिलंय त्याने, दरवेळी अंधार होतो." बिघाड नव्हता तो. एचडीएमआय केबलमध्ये १९ पिना असतात आणि त्या सगळ्या चित्र-आवाजासाठी नसतात. काही निव्वळ बोलणी करायला असतात. उपकरण आधी ५ व्होल्ट पाठवून ‘मी आलोय’ असं कळवतं. टीव्ही ‘हॉट प्लग’ नावाच्या पिनेवरून ‘तयार आहे’ म्हणतो. मग उपकरण टीव्हीचं ओळखपत्र वाचतं, त्याला ईडीआयडी म्हणतात. हा पडदा किती रिझोल्यूशनचा, कोणता आवाज चालतो, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यानंतर कॉपी रोखणाऱ्या एचडीसीपी या व्यवस्थेची तपासणी होते आणि मगच चित्र येतं. साध्या स्विचवर बटण दाबलं की ही बोलणी पहिल्यापासून होतात. दोन ते पाच सेकंद द्यायची, तेवढ्यात पुन्हा बटण दाबायचं नाही. आमचे बाबा तिसऱ्यांदा दाबायचे आणि भलत्याच ठिकाणी पोचायचे.

कोणता घ्यायचा?

डबीवर ४के, ८के, अल्ट्रा असं बरंच छापलेलं असतं. त्याकडे न बघता आधी आपला टीव्ही बघा. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायला साधारण ४.५ गिगाबिट प्रति सेकंद एवढा वेग लागतो. ४के ३० वेळा दाखवायला सुमारे ९, आणि ४के ६० वेळा दाखवायला सुमारे १८. एचडीएमआय १.४ (२००९) ची मर्यादा १०.२ गिगाबिट, २.० (२०१३) ची १८ आणि २.१ (२०१७) ची ४८. आता तुमचा टीव्ही फुल एचडी असेल तर १.४ वाला स्विच भरपूर झाला, ४के च्या नावाने जास्त पैसे देऊ नका. टीव्ही ४के असेल तर मात्र ‘४के ६० हर्ट्झ’ आणि ‘एचडीसीपी २.२’ हे दोन्ही शब्द शोधा. दुसरा शब्द नसेल तर ओटीटीवरचा ४के सिनेमा फुल एचडीतच दिसेल किंवा नुसताच एरर येईल, आणि तुम्ही इंटरनेटवाल्याला शिव्या देत बसाल. केबलही त्याच ताकदीची हवी. नवा स्विच आणि दहा वर्षांपूर्वीची केबल असेल तर वेग केबलचाच मिळणार.

नव्या कन्सोलवर ४के १२० हर्ट्झ खेळणाऱ्यांना २.१ चा स्विच लागतो आणि तो बराच महाग असतो. माझा सल्ला, कन्सोल थेट टीव्हीच्या एका पोर्टला लावा आणि बाकीचं सगळं स्विचला.

पुढची गोष्ट विजेची. स्वस्त स्विचला वेगळा ॲडॅप्टर नसतो. उपकरण जे ५ व्होल्ट पाठवतं, त्यातूनच तो चालतो. पण तिथे मिळणारा करंट फार कमी असतो. मानकानुसार उपकरणाने निदान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढीच अट आहे. केबल लांब असली की असा स्विच दम टाकतो: चित्र येतं-जातं, ठिपके चमकतात. माझी लॅपटॉपची केबल मखरापासून टीव्हीपर्यंत पाच मीटर, त्यामुळे मी ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागणारा स्विच घेतला आणि त्याची वायर टीव्हीच्याच यूएसबीत लावली. टीव्ही चालू की स्विच चालू. मेहनत शून्य.

‘ऑटो’ स्विचबद्दल दुकानदार फार कौतुकाने सांगतात. जे उपकरण चालू कराल तिकडे तो आपोआप वळतो. ऐकायला छान आहे, पण सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी स्टँडबायमध्ये ५ व्होल्ट पाठवत राहू शकतो, आणि मग स्विचला वाटतं तो चालूच आहे. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाऊन आली की सगळी उपकरणं एकदम जागी होतात आणि ऑटो स्विच कुणाच्या तरी पदरात जाऊन पडतो. त्यामुळे बटण आणि छोटा रिमोट असलेला, ऑटो बंद करता येणारा स्विच घ्या.

जोडताना

सगळं बंद करा, प्लग काढा. स्विचच्या आउटपुटपासून टीव्हीच्या पोर्टपर्यंत एक चांगली, छोटी केबल लावा आणि ती भिंतीला क्लिपने अडकवा, म्हणजे वजन पोर्टावर येणार नाही. ही केबल आता पुन्हा काढायची नाही. स्विचची डबी टीव्हीखाली दुहेरी टेपने चिकटवा, नाहीतर केबलच्या ताणाने ती हवेत लोंबत राहते. मग इनपुट १, २, ३ ला उपकरणं. ओटीटीची स्टिक जाड असते आणि शेजारचा पोर्ट अडवते, म्हणून तिच्यासोबत येणारी वीतभर एक्स्टेंशन केबल वापरा. टीव्हीवर सोर्स एकदाच निवडायचा, त्यानंतर सगळा कारभार स्विचच्या रिमोटवर.

साउंडबार असेल तर तो स्विचमधून नेऊ नका. टीव्हीवर ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टातून आवाज उलट दिशेने, टीव्हीकडून साउंडबारकडे जातो. साध्या स्विचमधून ही उलटी वाट जात नाही. साउंडबार थेट त्या पोर्टाला आणि स्विच दुसऱ्या पोर्टाला. एका रिमोटने सगळं चालवणारी सीईसी सोयही स्विचमागे धड चालेलच असं नाही.

आमच्या स्विचच्या रिमोटवर मी आकड्यांपुढे कागद चिकटवले होते: बातम्या, सिनेमा, लॅपटॉप. दमट हवेत आठवड्यात सुटले. आता आईने तिसऱ्या बटणावर लाल टिकली लावली आहे. टिकली दाबली की ताई.

खारी हवा आणि विजा

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणं लावावीत. पिनांवर हिरवट थर दिसला तर सगळं बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, दोन्ही वेळेला आपल्याकडे विजा कडाडतात. स्विचवर एखादं उपकरण निवडलेलं नसलं म्हणजे ते टीव्हीपासून तुटलेलं आहे, असं समजू नका. केबलचं बाहेरचं धातूचं आवरण सगळ्या पोर्टांना आत एकत्रच जोडलेलं असतं. छतावरच्या डिशच्या केबलमधून आलेला झटका सेट टॉप बॉक्समधून स्विचमध्ये आणि तिथून टीव्हीत जाऊ शकतो. म्हणून ढग जमायला लागले की, विजा सुरू व्हायच्या आधीच, सगळे प्लग काढा, डिशची केबल बॉक्समधून सोडवा आणि टीव्हीकडे जाणारी केबल स्विचच्या बाजूने काढा. टीव्हीच्या बाजूने नाही. यूएसबीची वायर स्विचकडून सोडवायलाही विसरू नका. मी पहिल्या वळवाला नेमकी तीच विसरलो होतो, बाबांनी लक्षात आणून दिलं.