जीपच्या पुढच्या ॲक्सलचा आवाज

अमेरिकी लष्कराच्या दप्तरी जीपची नोंद 'ट्रक, पाव टन, ४×४' अशी होती. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून असे सहा लाखांहून अधिक छोटे ट्रक बनवले. १९४७ पासून विलिस जीपची जुळणी मुंबईत होऊ लागली आणि महिंद्रा हे नाव आपल्याकडे कायमचं जीपशी जोडलं गेलं.

या गाडीत मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तिचा पुढचा ॲक्सल. मागच्या ॲक्सलला चाकं फक्त फिरवायची असतात; पुढच्याला ती फिरवायचीही असतात आणि वळवायचीही. म्हणून चाकाकडे जाणारा शाफ्ट नेमका वळणाच्या जागी सांध्याने जोडलेला असतो, आणि वाकलेल्या अवस्थेतही त्या सांध्याला इंजिनाचा जोर पेलावा लागतो. युद्धकाळातल्या जीपगाड्यांत या जागी चार बनावटींचे सांधे आढळतात: स्पायसर, रेझेप्पा, ट्रॅक्टा आणि बेंडिक्स-वाइस. गॅरेजमध्ये ज्याला 'क्रॉस' म्हणतात तो स्पायसरचा. तो साधा आणि दणकट, पण वाकला की एकसारखा फिरत नाही. सांधा ३० अंशांत वाकलेला असेल, तर शाफ्टचा वेग कायम असूनही चाक प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे १५ टक्के अधिक वेगाने धावतं आणि दोनदा सुमारे १३ टक्के रेंगाळतं. फोर-व्हील लावून पूर्ण वळण घेताना स्टिअरिंग हातात धडधडतं ते यामुळे. तो सांध्याचा स्वभाव आहे, बिघाड नाही. रेझेप्पात सहा गोळ्या खोबणींतून सरकतात आणि वेग एकसारखा राहतो. त्यात पूर्ण वळणावर, जोर देताना कट-कट ऐकू आली, तर मात्र खोबणी झिजल्याचा संशय घ्यावा.

गाडी घेऊन आलेला माणूस बहुधा तोंडाने आवाज काढून दाखवतो. चांगला मिस्त्री तो ऐकून घेतो आणि विचारतो, 'कधी येतो?' माझ्या मते सगळं निदान या प्रश्नात आहे. लोखंडी हौसिंगमधून कंप इतका पसरतो, की डाव्या चाकाचा आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो. कानावर विसंबून पुढचा ॲक्सल उघडणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

इथे एका जुन्या शोधाची मोठी मदत होते. १९४८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न यांनी युद्धातून उरलेल्या जीपगाड्यांसाठी लॉकिंग हब, म्हणजे पुढचं चाक शाफ्टला हवं तेव्हा जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे हब, बनवायला घेतले. इंधन वाचावं, झीज कमी व्हावी, हा या हबचा मूळ उपयोग. निदानासाठीही ते तितकेच मोलाचे आहेत. हब मोकळे करून ट्रान्सफर केस (पुढच्या ॲक्सलकडे जोर पाठवणारी पेटी) टू-व्हीलला ठेवली, की चाकं आपापल्या बेअरिंगवर फिरतात आणि शाफ्ट, क्रॉस, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळं थांबतं. तरीही आवाज आला, तर तो चाकाचं बेअरिंग, ब्रेक किंवा टायर यांचा. मग हब लॉक करायचे, पण गाडी टू-व्हीललाच ठेवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने न्यायची. आता आतलं सगळं फिरतं, पण त्याच्यावर भार नसतो. कमी वेगात चिर्र-चिर्र ऐकू आली, तर कोरडा पडलेला क्रॉस आधी पाहावा. दोन्ही वेळा शांतता आणि मातीच्या चढावर फोर-व्हील लावल्यावरच घरघर, असं झालं तर डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन दात्यांकडे वळावं. तिथला आवाज ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना बदलतो. बेअरिंगची गुणगुण वेगाबरोबर वाढते, पण ॲक्सिलरेटरला फारशी दाद देत नाही. उलट, गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा गुणगुण वाढली, तर उजवं बेअरिंग तपासावं.

मग जॅक. गाडी स्टँडवर नीट टेकवून चाक वरून-खालून धरून हलवायचं. प्ले जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा. फक्त पुढची चाकं उचलून, इंजिन चालू ठेवून फोर-व्हील कधीही लावू नये; मागची चाकं जमिनीवर असतात आणि गाडी स्टँडवरून उडी घेते.

एका आवाजापायी मात्र कित्येक ॲक्सल विनाकारण उघडले जातात. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळलं, की पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात. जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये दोन्ही ॲक्सल घट्ट जोडलेले असतात, त्यामुळे हा फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, मध्येच धाडकन दणका बसतो. थोडं सरळ मागे जावं, टू-व्हील लावावं, पीळ सुटतो.

खरा बिघाड बहुधा पाण्यातून येतो. जुन्या जीपमध्ये सांधा गोल, बंद कवचात (नकलमध्ये) ग्रीसमध्ये बुडालेला असतो. फेल्ट सील झिजलं, की ओढ्यातून जाताना पाणी आत शिरतं, ग्रीस दुधी होतं आणि क्रॉसच्या सुईएवढ्या रोलरना गंज चढतो. एका बाजूचा क्रॉस गेला, की दुसरी बाजूही उघडावी. नवा क्रॉस बसवताना सील जुनंच ठेवलं, तर पुढच्या पावसाळ्यात तोच आवाज परत येतो.