वय, धंदा, राहणार

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात, पाय फळीला बांधलेला आणि हाताला सलाईन लावलेले अशा अवस्थेत पडलेल्या माणसाच्या उशाशी पोलीस हवालदार येऊन बसतो आणि त्याचा जबाब लिहून घेऊ लागतो, तेव्हा त्या जबाबाची पहिली ओळ ठरलेली असते: मी अमुक अमुक, वय इतकी वर्षे, धंदा अमका, राहणार अमक्या गावचा, समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की... दप्तरी वहिवाटीने झिजून गुळगुळीत झालेल्या या ओळीकडे त्या घटकेला कोणाचेच लक्ष नसते. जखमी गुंगीत असतो, नातेवाईक रक्ताच्या बाटलीसाठी धावत असतात, आणि हवालदारालाही पलीकडच्या खाटेवरचा जबाब उरकायचा असतो. परंतु पुढे दोन-चार वर्षांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, त्या मोडलेल्या देहाच्या भरपाईचा हिशेब मांडला जाऊ लागतो, तेव्हा त्या हिशेबाचा पाया म्हणून घाईघाईने लिहिलेले हे तीन शब्दच पुन्हापुन्हा उघडून वाचले जातात.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांचा आकडा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येतो. जखमींचा येत नाही. आणि तरीही ज्याचा गुडघा कायमचा ताठ झाला, ज्याचा हात कोपरापासून गेला, ज्याच्या मेंदूला मार बसून स्वभावच पालटला, त्याला त्या दिवसानंतर तीस-चाळीस वर्षे जगायचे असते. प्रस्तुत लेख त्याच्या हक्कांविषयी आहे.

या हक्काचा इतिहास दीर्घ आहे. माणसाबरोबर त्याची फिर्यादही मरते, हे जुने इंग्रजी तत्त्व बाजूस सारून मृताच्या वारसांना नुकसानभरपाई मागता यावी यासाठी १८५५ साली घातक अपघातांचा कायदा झाला. जखमी होऊन वाचलेल्याला मात्र दिवाणी न्यायालयात स्टँप भरून, वर्षानुवर्षे तारखा मोजत भांडावे लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थांसाठीचा विमा, ज्याला आज सर्वत्र 'थर्ड पार्टी' म्हणतात तो, सक्तीचा करण्याची तरतूद केली आणि १९४६ पासून ती अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची कल्पना कायद्यात आणली, आणि १९८२ साली, चूक कोणाची हे न पाहता काही किमान रक्कम तत्काळ मिळावी, हे तत्त्व प्रथमच मान्य झाले. ती रक्कम कायम अपंगत्वासाठी अवघी ७,५०० रुपये होती. परंतु तत्त्व मोठे होते. १९८८ च्या विद्यमान कायद्यात ते तत्त्व कायम राहिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने, जी भरपाईपुरती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, गंभीर दुखापतीसाठी तो आकडा अडीच लाखांवर नेला.

येथेच एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते, कारण ती वेळेवर न मिळाल्याने माणसे आपला हक्क गमावू शकतात. चूक सिद्ध न करता मिळणारे हे अडीच लाख एकदा स्वीकारले की सविस्तर भरपाईचा अर्ज आपोआप निकाली निघतो, असे नवी दुरुस्ती सांगते. ज्याचे हाड महिना-दोन महिन्यांत सांधेल त्याच्यासाठी ही सोय उत्तम. ज्याचा हातच गेला आहे त्याने विमा कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे सही करण्यापूर्वी पुढील हिशेब शांतपणे वाचावा.

जबाबातल्या तीन शब्दांपैकी 'राहणार' हा शब्द सर्वांत उपकारक. १९९४ पासून अर्ज अपघात घडला तेथेच करावा असे बंधन उरलेले नाही. जखमी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील न्यायाधिकरणापुढेही तो चालतो. कर्नाटकातल्या महामार्गावर जखमी झालेला बीडचा माणूस बीडला अर्ज करू शकतो, आणि कुबड्या घेऊन परराज्यातल्या कचेरीचे उंबरे झिजवण्यापासून त्याची सुटका होते. ज्या कायद्याने एवढी एक गोष्ट ओळखली, त्याने जखमी माणसाच्या शरीराची थोडी तरी कल्पना केली होती, असे म्हणावे लागते.

'वय' या शब्दावर सारे गणित उभे आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती रवीन्द्रन यांनी लिहिलेल्या निर्णयात, देशभरातील न्यायाधिकरणांतील विसंगती दूर करण्यासाठी वयोगटानुसार गुणकांची सारणी निश्चित केली: पंचविशीपर्यंत १८, छत्तीस ते चाळीस या वयाला १५, छप्पन्न ते साठ या वयाला ९, आणि पासष्टीनंतर ५. वार्षिक उत्पन्नाला या गुणकाने गुणायचे. २०१७ साली घटनापीठाने त्यात भवितव्याची भर घातली. चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यावसायिकाच्या उत्पन्नात ४० टक्के आणि कायम नोकरी असणाऱ्याच्या पगारात ५० टक्के वाढ धरावी, असे ठरले, आणि ही वाढ मृत्यूप्रमाणेच कायम अपंगत्वाच्या दाव्यांतही द्यावी, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. जबाबात पस्तीसचे छत्तीस वर्षे पडले तर गुणक १६ चा १५ होतो. म्हणून जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या आठवड्यातच शोधून ठेवावा.

परंतु खरा प्रश्न 'धंदा' या शब्दाचा. २०१० च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती रवीन्द्रन यांनीच दिलेल्या आणखी एका निर्णयात एक भेद इतक्या स्वच्छपणे मांडला गेला आहे की तो प्रत्येक जखमीच्या कुटुंबाला माहीत असावा. वैद्यकीय मंडळ दाखला देते तो शरीराच्या अपंगत्वाचा. भरपाई ठरते ती कमाईच्या हानीवर. आणि या दोन टक्केवाऱ्या एकच असतात असे नाही. डावा हात गेलेला कचेरीतला कारकून आपली नोकरी टिकवून धरू शकेल, पण तोच हात गेलेल्या ट्रकचालकाच्या किंवा सुताराच्या हातून त्याचा धंदाच निघून जातो. हा विचार कागदी नाही, हे एका कल्पित हिशेबाने दाखवतो. चौतीस वर्षांचा एक सुतार महिना १८,००० रुपये मिळवतो असे धरू. वर्षाचे २,१६,०००, भवितव्याचे ४० टक्के मिळवून ३,०२,४००, त्याच्या वयाचा गुणक १६. कमाईची हानी पूर्ण मानली तर ही रक्कम ४८,३८,४०० होते; आणि दाखल्यावर ६० टक्के लिहिले आहे म्हणून डोळे झाकून तेवढीच हानी धरली तर २९,०३,०४० उरते. एका हाताच्या कामाचे वर्णन न्यायाधिकरणापुढे नीट झाले की नाही, एवढ्यावरून १९ लाखांहून अधिक फरक पडतो. जखमी माणूस जिवंत असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी यातून काही वजा होत नाही. उलट औषधोपचार, प्रवास, खाटेवर बुडालेली मजुरी, वेदना आणि गमावलेली जीवनातील सुखे यांची भर वेगळी पडते. २०१८ साली दोन्ही हात निकामी झालेल्या एका तरुण सुताराच्या दाव्यात, हाताने काम करणाऱ्याचे हातच जाणे म्हणजे कमाईची क्षमताच हिरावली जाणे, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे मान्य केले.

तेव्हा जबाबात 'धंदा - मजुरी' एवढेच लिहिले गेले असेल तर ते दुरुस्त करण्याचे काम साक्षीपुराव्याने करावे लागते. ज्याच्याकडे तो काम करी त्या कंत्राटदाराची साक्ष, गिऱ्हाइकांच्या पावत्या, बँकेचे पासबुक, हत्यारांच्या खरेदीची बिले, आणि ज्या डॉक्टरने शस्त्रक्रिया केली त्याची प्रत्यक्ष साक्ष, ही या दाव्याची खरी सामग्री होय. दाखला नुसता हजर करून भागत नाही. या माणसाला रंधा धरता येईल काय, शिडी चढता येईल काय, हा प्रश्न डॉक्टरला विचारला गेला पाहिजे.

अपघात कसा घडला याच्या पुराव्याविषयी मात्र न्यायालयांची भूमिका उदार आहे. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की फौजदारी न्यायालयात चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. येथे संशयातीत सिद्धतेची नव्हे, शक्याशक्यतेच्या तराजूची कसोटी लागते. हेल्मेट नव्हते किंवा दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून जखमीच्या माथी दोष मारता येत नाही. त्या गोष्टीमुळे अपघात किंवा इजा घडली असा कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो.

जखमी जिवंत राहावा यासाठीचे हक्क हे याआधीचे. पोलिसी प्रकरण आहे म्हणून जखमीला परत पाठवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले. मदत करणाऱ्या वाटसरूला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले. आणि २०२५ च्या योजनेने अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची सोय झाली. ही शेवटची गोष्ट रुग्णालयाच्या दारात मोठ्या अक्षरांत लिहिली गेली पाहिजे.

आता एका अशा प्रसंगाकडे वळू, जो आपल्याकडे दर लगीनसराईत घडतो. टेम्पोच्या हौद्यात वऱ्हाड बसते, घाटात टेम्पो उलटतो, आणि मग कळते की विमा मालवाहू गाडीचा होता. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या छत्राखाली आला; म्हणजे कांद्याच्या गोण्यांवर बसून बाजाराला निघालेला शेतकरी संरक्षित, पण त्याच हौद्यात बसलेली करवली नाही, कारण मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय २००२ मध्ये लागला. हक्क बुडत नाही, तो टेम्पोच्या मालकाविरुद्ध उरतो. पण ज्याच्या टेम्पोवरच कर्ज आहे त्याच्याकडून वसुली कशी व्हावी? ज्या गरिबाला बसचे भाडे परवडत नाही तोच हौद्यात बसतो, आणि विम्याचे छत्र नेमके त्याच्याच डोक्यावरून काढून घेतले जाते, हे मला या कायद्यातील सर्वांत क्रूर वैगुण्य वाटते. कामावर असताना जखमी झालेल्या मजुराला कामगार भरपाईच्या कायद्याचा पर्यायी मार्ग आहे. मात्र दोन्हींपैकी एकच निवडता येतो.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावा लागतो. रक्कम तुटपुंजी आहे, आणि तीही अनेकांना ठाऊक नसते.

मुदतीविषयी हयगय करू नये. १९९४ साली काढून टाकलेली सहा महिन्यांची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली. तिच्या वैधतेला आव्हान मिळाले असले तरी त्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असा नियम आहे, आणि तो अहवालच अर्ज म्हणून स्वीकारता येतो. तेव्हा ठाण्यात जाऊन अहवाल गेला की नाही, हे विचारण्याचा जखमीच्या कुटुंबाला पुरता अधिकार आहे. त्याच काळात रुग्णालयाच्या आवारात भरपाईतील हिश्शाच्या बोलीवर वकीलपत्र मागणारे मध्यस्थ भेटतात. वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणे वकिली आचारनियमांना धरून नाही, हे अशा वेळी आठवावे. आणि रक्कम हाती आल्यावर ती भोवतालच्यांनी लुबाडू नये म्हणून तिचा मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याची १९९४ पासूनची जी न्यायालयीन प्रथा आहे, तिला अडवणूक समजू नये.

'धंदा' या रकान्यात बाईच्या नावापुढे 'घरकाम' लिहिले जाते. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या जुन्या परिशिष्टात बिनकमाईच्या गृहिणीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरले होते. म्हणजे त्याच चुलीपुढे तेच काम करणाऱ्या दोघींची किंमत नवऱ्यांच्या पगाराप्रमाणे निराळी. २०२१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रमणा यांनी आपल्या स्वतंत्र मतात २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीचा आधार घेऊन नमूद केले की स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७. या कामाला काल्पनिक उत्पन्न धरणे म्हणजे त्या श्रमाला मान्यता देणे होय. मणक्याला मार बसलेली गृहिणी न्यायाधिकरणापुढे येते तेव्हा तिच्या वकिलाने पाणी भरणे, दळण, सासूसासऱ्यांची सेवा, गुरांचे शेणपाणी, मुलांचा अभ्यास ही कामे एकेक करून जबानीत आणली पाहिजेत, कारण 'घरकाम' या एका शब्दात ती सगळी बुडून जातात.

आणि मुलाच्या नावापुढे लिहितात, 'धंदा - शिक्षण'. २०२० साली, बारा वर्षांच्या वयात अपघाताने पूर्णतः परावलंबी झालेल्या एका मुलीचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तिच्या कमाईचा पुरावा कोण देणार, असा प्रश्न उभा राहिलाच. न्यायालयाने कुशल कामगाराचे किमान वेतन तिचे उत्पन्न मानले, त्यात भवितव्याची ४० टक्के वाढ धरली, आणि मग तिला आयुष्यभर उठवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या, भरवणाऱ्या दोन परिचारकांच्या पगारालाही तोच १८ चा गुणक लावला. आपल्या घरांतून हे काम बहुधा आईच करते, आणि ती पगार मागत नाही. परंतु अर्जात त्या सेवेचा रकाना रिकामा सोडू नये.