न खेळणाऱ्या खेळाडूचा पगार

आज लक्झरी टॅक्सवर लिहायचं ठरलं होतं, पण नागपूरच्या एका वाचकांनी असा प्रश्न धाडला आहे की तो बाजूला ठेववत नाही. ते विचारतात, ‘बर्ड अपवादामुळे आपल्या जुन्या खेळाडूला राखताना संघाला सॅलरी कॅप ओलांडता येते, हे गेल्या वेळी समजलं. मग 2008 मध्ये डॅलसने कीथ व्हॅन हॉर्नला सुमारे 43 लाख डॉलरचा करार कशासाठी दिला? तो तर खेळायचा थांबला होता!’

एनबीएचे पगार ज्याला मनापासून समजून घ्यायचे आहेत, त्याने याच व्यवहारापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. लक्झरी टॅक्स पुढच्या आठवड्यात.

डॅलस मॅव्हरिक्सना न्यू जर्सी नेट्सचा जेसन किड हवा होता. त्या हंगामात किडचा पगार होता सुमारे 1 कोटी 97 लाख डॉलर, तर अख्ख्या संघासाठीची कॅप 5 कोटी 56 लाख. डॅलस त्या कॅपच्या केव्हाच वर गेलेला. अशा संघाला ट्रेडमध्ये पगार जुळवावे लागतात. आपण जितक्या पगाराचे खेळाडू पाठवू, त्याच्या सव्वापट आणि वर 1 लाख डॉलर, एवढ्याच पगाराचे खेळाडू घेता येतील, असा तेव्हाचा नियम होता. नेट्सना मुख्यतः हवा होता डेव्हिन हॅरिस. तरुण, चपळ, गुणी. पण ड्राफ्टमधून आलेल्या मुलांच्या ठरीव पगारावर खेळणारा. हॅरिस आणि ड्राफ्टचे हक्क देऊन खेळाच्या दृष्टीने सौदा बरोबरीचा होत होता, पगारांच्या दृष्टीने मात्र त्याच्या जवळपासही जात नव्हता.

आपण चाहते पगाराकडे खेळाची किंमत म्हणून बघतो. ट्रेडच्या टेबलावर तोच आकडा वजन होतो. पारडं समतोल करायला पासंग लागतो, आणि तो पासंग म्हणजे कोणाचा तरी करार. त्या माणसाला चेंडू टाकता येतो का, हे तिथे दुय्यम ठरतं.

डॅलसने आधी डेव्हियन जॉर्जचा करार टाकून पाहिला. जॉर्ज एका वर्षाच्या करारावर होता, आणि ट्रेड झाल्यास त्याचे बर्ड हक्क, म्हणजे त्याला बर्ड अपवादाने राखण्याचे हक्क, बुडणार होते. अशा खेळाडूला ट्रेड नाकारण्याचा अधिकार असतो. त्याने तो वापरला आणि जुळलेला सौदा मोडला. मग जेरी स्टॅकहाउसचं नाव पुढे आलं. त्याने उघडपणे सांगून टाकलं की नेट्स मला मोकळं करतील आणि मी महिन्याभराने डॅलसला परतेन. लीगने कान टवकारले, तोही मार्ग बंद झाला.

तेव्हा कोणाला तरी व्हॅन हॉर्न आठवला. 2006 नंतर तो एकही सामना खेळला नव्हता. पण त्याचा शेवटचा संघ डॅलस, आणि खेळाडू दुसरीकडे करारबद्ध होत नाही किंवा संघ स्वतः हक्क सोडत नाही, तोवर बर्ड हक्क जिवंत राहतात. कॅपच्या वर असलेल्या डॅलसला ते सोडून काही फायदा नव्हता, म्हणून ते तसेच पडून होते. डॅलसने त्याला करारबद्ध करून लगेच ट्रेडमध्ये घातलं. करार कागदावर तीन वर्षांचा, कारण अशा सह्यांसाठी तोच नियम. हमी फक्त पहिल्या वर्षाची. सोबत डॅलसने 30 लाख डॉलर रोख दिले, म्हणजे व्हॅन हॉर्नच्या पगाराचा मोठा भाग त्यातच निघाला. नेट्ससाठी तो एक मिनिटही खेळला नाही. याच नेट्सकडून किड आणि व्हॅन हॉर्न 2002 ची अंतिम मालिका एकत्र खेळले होते!

त्याच फेब्रुवारीत काही दिवस आधी लेकर्सनी हेच केलं होतं. पाउ गॅसोलला मेम्फिसहून आणताना क्वामे ब्राउनचा मोठा करार टाकूनही पारडं थोडं हलकंच राहत होतं. ॲरन मॅकी तेव्हा फिलाडेल्फियात मानधनाशिवाय सहायक प्रशिक्षकाचं काम करत होता. लेकर्सनी त्याला करारबद्ध केलं आणि मेम्फिसला धाडलं. लेकर्स 2009 आणि 2010 मध्ये विजेते झाले, किडचा डॅलस 2011 मध्ये. मेम्फिसला मूर्ख ठरवणाऱ्यांनी त्या सौद्यातला एक कमी चर्चेतला भाग पाहिला नव्हता: पाउचा धाकटा भाऊ मार्क याचे हक्क. तो 2013 मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. ट्रेडचा निकाल त्याच आठवड्यात लावू नये, तो यासाठी.

याला लबाडी म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणणार नाही. संघांनी लिहिलेला नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एवढंच. चूक नियमात होती, आणि लीग व खेळाडू संघटना यांच्यातल्या 2011 च्या करारात ती दुरुस्त झाली. आता सही करून ट्रेड करायचा असेल तर खेळाडूने आधीचा हंगाम त्याच संघात संपवलेला असावा लागतो. स्टॅकहाउसने बोलून दाखवलेला मार्गही तेव्हाच बंद झाला. 2010 मध्ये क्लीव्हलंडने इल्गाउस्कस या आपल्या खेळाडूला वॉशिंग्टनला पाठवलं, तिथे त्याला मोकळं केलं गेलं आणि मार्चमध्ये तो परत क्लीव्हलंडच्या बाकावर दिसला. आता असं त्याच हंगामात परतता येत नाही.

पगार जुळवण्याचा खेळ मात्र संपलेला नाही. 2023 च्या करारानुसार खर्चाची दुसरी, वरची रेषा ओलांडलेल्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेताच येत नाही. ती रेषा लक्झरी टॅक्सशी बांधलेली आहे, म्हणून पुढच्या आठवड्यात दोन्ही एकत्रच घेऊ. तोवर, पगारांचं गणित न कळल्यामुळे एखादा ट्रेड तुम्हाला आजवर खटकत असेल, तर संघ आणि वर्ष लिहून जरूर पाठवा.