संकटकाळातील नकाशे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उपग्रहाने टिपलेले छायाचित्र म्हणजेच नकाशा, असे अनेकांना वाटते. पण छायाचित्रात छपरे आणि रस्ते दिसतात. वस्तीचे नाव, दवाखाना नेमका कोणता, पुलावरून धान्याचा ट्रक जाईल का, हे त्यातून कळत नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा तपशीलवार खुला नकाशा नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रे खुली केली, त्यांवरून जगभरच्या स्वयंसेवकांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर रस्ते गिरवले आणि तो नकाशा थोड्याच दिवसांत बचाव पथकांच्या जीपीएस उपकरणांत पोहोचला. गावाची माहिती मात्र माणसांकडूनच आली. ४६३६ या क्रमांकावर येणारे मदतीचे एसएमएस हैतियन क्रेओल भाषेत असत. ते उलगडले परदेशी स्थायिक झालेल्या हैतीच्याच लोकांनी, कारण ‘अमक्या चर्चच्या मागे’ म्हणजे कुठे, हे त्यांनाच ठाऊक.

हैतीच्या यशातून एक नवा गैरसमज रूढ झाला: आपत्ती आल्यावर स्वयंसेवक जमले की भागते. नेपाळचा अनुभव वेगळा आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाआधीच काठमांडू खोऱ्यातील शाळा आणि आरोग्य केंद्रांची नोंद स्थानिक तरुणांनी नकाशावर केली होती. त्यांची ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ ही संस्था २०१३ पासून काम करत होती. त्यामुळे बाहेरून आलेल्या हजारो हातांना काम वाटून देणारे कोणीतरी जागेवर होते. गडबडीत अशी संस्था उभी राहत नाही.

घरे किती पडली हे वरून मोजता येते, हाही अर्धाच खरा समज. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी फिलिपिन्सवर हैयान चक्रीवादळ धडकल्यावर स्वयंसेवकांनी छायाचित्रे पाहून इमारतींच्या हानीची नोंद केली. प्रत्यक्ष पाहणीशी ताडून पाहता ती पुरेशी विश्वासार्ह ठरली नाही. सरळ वरून घेतलेल्या छायाचित्रात भिंतींची हानी दिसत नाही. खालचे मजले दबले तरी छप्पर शाबूत दिसू शकते.

माहिती जितकी खुली तितकी चांगली, हे भूकंपात बहुधा खरे असते, युद्धात नाही. सीरियात रुग्णालयांवर सतत हल्ले होत असल्याने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केले की तेथील काही रुग्णालयांचे अक्षांश-रेखांश सीरियन व रशियन अधिकाऱ्यांना अधिकृतपणे कळवलेले नाहीत. तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांचीच तशी मागणी होती.