ई-रिक्षाची बांधणी कशी पारखावी?

वाराणसी कँट स्थानकाबाहेर पडून लंकेकडे जायला निघालात, तर बहुधा ई-रिक्षातच बसाल. इथले लोक तिला टोटोही म्हणतात. मी इथे यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला दरवर्षी एकच प्रश्न देतो. ओळखीचा एक चालक कर्ज काढून नवी ई-रिक्षा घेणार आहे. दुकानात चार मॉडेल उभी आहेत, किमतीत फार फरक नाही. त्याला कोणती घ्यायला सांगाल?

बहुतेक उत्तरे मोटरचे वॉट आणि बॅटरीचे अँपिअर-तास यांच्या तुलनेने सुरू होतात. ते आकडे पत्रकावर छापलेलेच असतात. त्यासाठी अभियंता लागत नाही. दोन पावसाळ्यांनंतर ही गाडी कशी असेल, हा खरा प्रश्न आहे. गाडी बंद पडली की त्या दिवसाची कमाई जाते, हप्ता मात्र थांबत नाही. आणि पुढचा काटा चालत्या गाडीत तुटला, तर प्रश्न पैशांचा राहतच नाही.

आधी दोन शब्द वेगळे करू. बांधणीचा दर्जा म्हणजे गाडी आज कशी जोडलेली आहे. विश्वासार्हता म्हणजे ठरावीक काळ, ठरावीक परिस्थितीत, ती न बिघडता काम करण्याची शक्यता. समजा, गाडीत दहा भाग असे आहेत की त्यांपैकी एक जरी बिघडला तरी गाडी थांबते, आणि प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ०.९५ आहे. वरवर पाहता उत्तम. पण दहांचा गुणाकार केला की उत्तर साधारण ०.६० येते. म्हणून एका झकास मोटरने गाडी भरवशाची होत नाही. सर्वांत कच्चा दुवा शोधावा लागतो, आणि तो बहुधा जोडांमध्ये असतो.

भार कुठून कुठे जातो, ते बोट ठेवून पाहा. प्रवासी, आसन, आडवी नळी, चासी, मागचे पाटे, अ‍ॅक्सल, चाक. पुढे मात्र सगळा भार एकाच काट्यातून आणि त्याच्या मानेतून जातो. तीन चाकांची एक सोय आहे: रस्ता कितीही उंचसखल असला तरी तिन्ही चाके टेकलेली राहतात, त्यामुळे चार चाकांच्या गाडीसारखी चासी पिळली जात नाही. त्याची किंमत पुढची मान मोजते. परदेशात मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या एका अ‍ॅक्सलच्या कॅराव्हॅनचेही असेच आहे. दोन चाके आणि एक जोडणी मिळून तीनच टेकू, म्हणून तिथे पहिली नजर जोडणीच्या दांड्याकडे जायला हवी. इथे ती मानेच्या वेल्डकडे जाऊ द्या.

वेल्ड पाहताना रंगाला भुलू नका. धार सलग आहे का, की नुसते टॅक मारून मधली फट लांबीने बुजवली आहे? कडेला खाच पडली आहे का? सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात का? वेल्ड नेमका कोपऱ्यात, म्हणजे ताण सर्वाधिक असतो तिथेच, संपवला आहे का? चांगला कारागीर कोपऱ्याला वळसा घालून पुढे जाऊन थांबतो.

या बारकाव्यांना एवढे महत्त्व का? वेल्ड केलेला जोड एका धक्क्याने क्वचितच तुटतो. तो लाखो छोट्या धक्क्यांनी थकतो. अशा जोडाचे आयुष्य ताणाच्या पल्ल्याच्या साधारण तिसऱ्या घाताने घटते. ताण सव्वापट झाला तर १.२५ चा घन १.९५, म्हणजे आयुष्य जवळपास निम्मे. २०१४ च्या केंद्रीय नियमांनुसार ई-रिक्षात चालकाखेरीज चार प्रवासी आणि ४० किलो सामान, आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत. प्रत्यक्षात किती जण बसतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. तो बेकायदा भार गृहीत धरून आराखडा करा, असे मी म्हणत नाही. पण ज्या गाडीत काही राखीव ताकदच नाही, तिची पारख अपुरी आहे.

याच्यात गंजाची भर पडते. चौकोनी नळीची जाडी व्हर्नियरने मोजा. टोक उघडे असेल तर ते सोपे आहे. मात्र ते उघडे असणे हाच दोष आहे, कारण तिथून पाणी आत शिरते आणि नळी आतून, कुणाला न दिसता झिजते. १.६ मिलिमीटर जाडीतून ०.४ गेले की ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि वरच्याच हिशोबाने आयुष्य ४२ टक्क्यांवर येते. गंगेला पूर आला की अस्सी, नगवा भागांतल्या सखल रस्त्यांवर पाणी चढते. तिथे चालणाऱ्या गाडीला नळीतले पाणी बाहेर जायला तळाशी भोक हवेच. आसनाखालचा बॅटरीचा ट्रेही वाकून पाहा. शिसे-आम्ल बॅटरीचे आम्ल सांडून पत्रा तिथूनच खाल्ला जातो.

विजेच्या जोडांचा हिशोब तर आणखी सोपा. चढावर ४० अँपिअर प्रवाह जात असेल आणि ढिल्या लगचा रोध फक्त ०.०२ ओहम असेल, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ३२ वॉट उष्णता. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते! प्लॅस्टिकचा कनेक्टर वितळतो तो असा. दुकानातल्या गाडीची वायर हलकेच ओढून पाहा. लग नीट दाबलेला आहे का, वायर पत्र्याच्या धारेवर घासते का, फ्यूज बॅटरीजवळ आहे का, हे दोन मिनिटांत कळते.

विक्रेता तुम्हाला प्रमाणपत्र दाखवील. ते जरूर पाहा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था नमुन्याची चाचणी घेऊन मान्यता देतात. पण चाचणी नमुन्याची झाली. तुमच्यासमोरची गाडी तशीच बनली आहे का, हे कारखान्याच्या रोजच्या शिस्तीवर ठरते. ई-रिक्षाचा अभियांत्रिकी विचार आपल्याकडे जुनाच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सुधारित सायकलरिक्षा, मोटरची मदत घेणारी रिक्षा आणि पूर्ण विद्युत रिक्षा तयार केली, आणि २००२ साली त्यावर ‘करंट सायन्स’मध्ये लेखही आला. त्यांनी सुरुवात केली ती जुन्या रिक्षाच्या दोषांपासून.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. नव्या गाडीपेक्षा त्याच मॉडेलची दोन-तीन वर्षांची गाडी जास्त बोलते. रंगावर वेल्डच्या कडेने उमटलेली तपकिरी रेघ म्हणजे बहुधा भेग. नंतर ठोकलेली पट्टी म्हणजे कंपनीची चूक रस्त्यावरच्या वेल्डरने दुरुस्त केली आहे. पण एक सापळा आहे, आणि त्यात एका वर्षी माझाच वर्ग सापडला. मुलांनी फक्त स्टँडवरच्या गाड्या पाहिल्या आणि एका मॉडेलला सर्वाधिक गुण दिले. एका चालकाने हसून विचारले, “जी गाड्या भंगारात गेल्या, त्या स्टँडवर कशा दिसणार?” त्या वर्षीची तक्ताबंदी आम्ही फेकून दिली आणि दुरुस्तीच्या टपऱ्यांवर गेलो.

सराव: तुमच्या गावातल्या एकाच मॉडेलच्या जुन्या ई-रिक्षा पाहा, काही स्टँडवर आणि काही दुरुस्तीच्या दुकानात. चासीची आकृती काढून प्रत्येक भेग, पट्टी आणि गंज खुणेने दाखवा. खुणा जिथे दाटतात, तिथला भाराचा मार्ग रेखाटा आणि कारण तीन-चार वाक्यांत लिहा. गाडीवर हात ठेवण्यापूर्वी चालकाची परवानगी घ्या आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा.